अकरा तज्ज्ञ, मतं किती?

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत सेक्रेटरी विचारतात, "कुणाची हरकत?" पहिल्या रांगेतले निवृत्त इंजिनिअर काका मान हलवतात, की मागच्या तीस माना त्याच दिशेनं हलतात. टाकीच्या रंगापुरतं हे ठीक. नव्या औषधाला परवानगी द्यावी का, हे सांगणाऱ्या समितीत असं झालं तर?

जितके तज्ज्ञ जास्त तितका सल्ला पक्का, हा समज अर्धाच खरा. कोंदोर्से या फ्रेंच गणितज्ञानं १७८५ मध्ये त्याचं गणित मांडलं. समजा अकरा तज्ज्ञ आहेत आणि प्रत्येकाचं उत्तर बरोबर असण्याची शक्यता ७० टक्के. प्रत्येकानं स्वतंत्र विचार केला, तर बहुमत बरोबर असण्याची शक्यता सुमारे ९२ टक्के होते, कारण एकाची चूक दुसऱ्याचं बरोबर उत्तर झाकून टाकतं. आता पाच जणांनी अध्यक्षांचीच री ओढली असं धरा. सहा मतं झाली, म्हणजे बहुमत तिथंच ठरलं. उरलेल्या पाच जणांनी काहीही म्हटलं तरी फरक पडत नाही. शक्यता पुन्हा ७० टक्के! अकरा जणांचा प्रवासखर्च, मत मात्र एक.

नागिणीवर लेप लावणाऱ्या बुवाचंही तेच. "पंधरा जणांना गुण आला." नागीण बहुतेकदा तीन-चार आठवड्यांत आपोआप बरी होते, म्हणजे पंधराही जणांमागे कारण एकच. साक्षीदार पंधरा, पुरावा शून्य.

आपल्याकडे २०१२ मध्ये संसदेच्या स्थायी समितीला नव्या औषधांसाठी वेगवेगळ्या शहरांतल्या तज्ज्ञांनी दिलेली शिफारसपत्रं जवळजवळ शब्दशः सारखी आढळली. मजकूर उत्पादकांकडूनच आला असावा, अशी शंका तिनं नोंदवली. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं २००७ पासून सल्लागारांना एकेक करून नव्हे, एकाच वेळी मत द्यायला सांगितलं. साधा बदल, पण नेमक्या जागी.

अर्थात मतं स्वतंत्र असून भागत नाही, प्रश्नही नेमका हवा. अल्झायमरवरच्या अडुकानुमॅब या औषधाबाबत नोव्हेंबर २०२० मध्ये एफडीएनं सल्लागार समितीला विचारलं: औषधाच्या एका ठरावीक चाचणीला परिणामकारकतेचा मुख्य पुरावा मानता येईल का? 'हो' शून्य, 'नाही' दहा, एक जण अनिश्चित. जून २०२१ मध्ये मेंदूतल्या अमायलॉइड या प्रथिनाच्या गाठी कमी होतात या आधारावर मंजुरी मिळाली. त्या आधारावर मंजुरी द्यावी का, हे समितीला विचारलंच नव्हतं. तीन सल्लागारांनी राजीनामे दिले.

आपल्या केंद्रीय औषध नियामकाच्या विषयतज्ज्ञ समित्यांची इतिवृत्तं संकेतस्थळावर येतात. त्यात लिहिलेलं असतं, 'समितीने शिफारस केली'. मला वाचायचंय ते वेगळंच: चर्चेआधी कुणी काय लिहून दिलं होतं, आणि चर्चेनंतर कुणाचं मत का बदललं.