हातमोजे घातले म्हणजे हात सुरक्षित?

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला समज: हातात ग्लोव्हज आहेत ना, मग काय सांडायचं ते सांडू दे. हे खरं नाही.

ऑगस्ट 1996 मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या प्राध्यापक कॅरन वेटरहान फ्यूम हूडमध्ये (विषारी वाफा बाहेर खेचणाऱ्या कपाटात) काम करत होत्या. डायमिथाइल मर्क्युरी या पाऱ्याच्या अतिविषारी संयुगाचे काही थेंब त्यांच्या लॅटेक्सच्या हातमोज्यावर पडले. त्या विषारी धातूंच्याच अभ्यासक होत्या, निष्काळजी तर मुळीच नव्हत्या. लक्षणं दिसायलाच काही महिने गेले आणि जून 1997 मध्ये त्यांचा मृत्यू झाला. नंतरच्या चाचण्यांत कळलं, की हे द्रव्य असा हातमोजा काही सेकंदांत पार करतं. तेही भोक न पाडता.

खरी मेख इथेच आहे. रसायनाचे रेणू अखंड दिसणाऱ्या रबरातूनही झिरपतात. नायट्राइल या कृत्रिम रबराचे पातळ, निळे ग्लोव्हज बऱ्याच कामांना चांगले, पण अ‍ॅसिटोन किंवा डायक्लोरोमिथेनसारख्या द्रावकांपुढे फार टिकत नाहीत. अ‍ॅसिटोनसाठी ब्युटाइल रबर हवं. कशाला काय चालतं, हे उत्पादकाच्या तक्त्यात दिलेलं असतं. तो तक्ता उघडून पाहणारे मात्र विरळाच!

पातळ ग्लोव्हजवर काही उडालं, तर प्रयोग पूर्ण होण्याची वाट पाहू नका. लगेच काढा, हात धुवा, नवी जोडी घाला. आणि तेच ग्लोव्हज घालून दाराची कडी किंवा मोबाइल हाताळू नका. पुढचा माणूस तिथे उघड्या हाताने येतो.