कॉर्टिसोल वाढत नाही तेव्हा

लहानपणी मारहाण किंवा उपेक्षा सोसलेल्या माणसाच्या अंगात पुढे ताणाची संप्रेरकं, त्यातही कॉर्टिसोल, सतत उसळत असणार, असं वाटणं साहजिक आहे. संशोधकांनाही आधी तसंच वाटत होतं.

ताणाचा शारीरिक अभ्यास सुरू झाला तो प्रौढ जनावरांवर. १९३६ मध्ये हान्स सेल्ये यांनी माँट्रियलमधल्या प्रयोगांचं टिपण 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात छापलं. थंडी असो, इजा असो की विष, उंदरांच्या मूत्रपिंडांवरच्या, ताणाची संप्रेरकं स्रवणाऱ्या अधिवृक्क ग्रंथी मोठ्या होत होत्या. त्या उंदरांचं बालपण कसं गेलं, हे मात्र कुणी पाहिलं नव्हतं.

ते पाहिलं सीमोर लेव्हिन यांनी, १९५० च्या दशकात. उंदरांची नवजात पिल्लं रोज थोडा वेळ आईपासून उचलायची आणि परत ठेवायची. ती भित्री निघतील अशी अपेक्षा होती. उलट न हाताळलेली पिल्लंच मोठेपणी जास्त बिचकायची. हे कोडं सुटायला चाळीसेक वर्षं लागली. मायकेल मीनी यांच्या गटाने आईकडे लक्ष दिलं. पिल्लू परत आलं की ती त्याला चाटत बसायची. जी आई जास्त चाटते, तिच्या पिल्लांचं ताणाचं संप्रेरक मोठेपणी लवकर आटोक्यात येतं, असं १९९७ मध्ये दिसलं. इतकी साधी माया थेट ग्रंथींपर्यंत पोचते, हे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत मोठं वळण वाटतं.

माणसांचं चित्र गुंतागुंतीचं निघालं. चाचणी साधीच असते: निर्विकार चेहऱ्याच्या परीक्षकांसमोर भाषण करायचं, मग तोंडी वजाबाकी, आणि कॉर्टिसोल मोजायला मधूनमधून लाळेचा नमुना. २००० मध्ये क्रिस्टीन हाइम यांच्या अभ्यासात बालपणी अत्याचार सोसलेल्या स्त्रियांचा ताणाला प्रतिसाद वाढलेला दिसला. पुढच्या कित्येक अभ्यासांत मात्र तो मंदावलेला आढळला. कॉर्टिसोल जागचं हलत नाही म्हणजे माणूस शांत आहे, असं समजणं घातक आहे. संकटात शरीराला ते लागतंच.

मग प्रश्न उरला कार्यकारणाचा: हा बदल उपेक्षेमुळेच होतो का? त्याचं उत्तर रुमानियातून आलं. तिथला हुकूमशहा चाउशेस्कू याची राजवट १९८९ मध्ये कोसळली आणि तिथली अनाथालयं जगासमोर आली. २००० मध्ये राजधानी बुखारेस्टमध्ये अनाथालयांतल्या १३६ मुलांचा प्रकल्प सुरू झाला. कोणतं मूल पालक-कुटुंबात जाणार आणि कोणतं अनाथालयाच्या वाट्याला, हे निव्वळ सोडतीने ठरलं. ही मुलं साधारण बारा वर्षांची झाल्यावर तीच ताणाची चाचणी घेतली. अनाथालयाच्या वाट्याला गेलेल्या मुलांचं कॉर्टिसोल जेमतेम हललं. दोन वर्षांची होण्याआधी घर मिळालेल्यांचा प्रतिसाद मात्र अनाथालयात कधीच न राहिलेल्या मुलांसारखा होता.

दोन वर्षांनंतर सुधारणेचं दार बंद होतं असं बरेच जण धरून चालले. पण २०१९ मध्ये मेगन गनर यांच्या गटाने अनाथालयांतून दत्तक गेलेल्या मुलांवरचं काम प्रसिद्ध केलं. वयात येताना, मायेच्या घरात, या मुलांचा मंदावलेला प्रतिसाद पुन्हा वर येताना दिसला.