एकच स्लाइड, वेगळा ग्रेड: प्रोस्टेट कॅन्सरच्या ग्लीसन स्कोअरची पार्श्वभूमी

गावाकडच्या लॅबच्या प्रोस्टेट बायोप्सी रिपोर्टवर ग्लीसन स्कोअर, म्हणजे कॅन्सर किती आक्रमक दिसतो त्याचा आकडा, ३+३=६ असा लिहिलेला असतो. मग तुकडा जपलेला मेणाचा ब्लॉक आणि स्लाइड घेऊन माणूस मुंबईला जातो, तिथे त्याच स्लाइड पुन्हा पाहिल्या जातात आणि रिपोर्ट येतो ३+४=७. घरचे लोक पहिल्या लॅबला दोष देऊन मोकळे होतात. परळच्या कर्करुग्णालयात बाहेरून आलेल्या रुग्णाच्या स्लाइड उपचाराआधी पुन्हा तपासून घेणं हा रोजच्या कामाचा भाग आहे. त्यामुळे महाराष्ट्रातल्या बऱ्याच कुटुंबांच्या हातात असे दोन कागद येतात. त्यांतला खोटा कोणता, या प्रश्नाला बहुतेक वेळा उत्तरच नसतं. तीन आणि चार यांच्यातली रेघ कुणी आखली आणि नंतर ती किती वेळा सरकली, हे समजल्याशिवाय या दोन आकड्यांची तुलना करता येत नाही.

ट्यूमरला ग्रेड देण्याची कल्पना जुनी आहे. १९२० च्या सुमारास अमेरिकेत ओठाच्या कॅन्सरसाठी चार ग्रेड सुचवले गेले आणि तीच रीत इतर अवयवांकडे पसरली. प्रोस्टेटच्या बाबतीत मात्र पुढची चाळीस वर्षं एकवाक्यता नव्हती.

१९६० च्या दशकात अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी मिळून प्रोस्टेट कॅन्सरच्या उपचारांचा मोठा तुलनात्मक अभ्यास सुरू केला. मिनेॲपोलिसच्या अशाच एका रुग्णालयातल्या डोनाल्ड ग्लीसन या पॅथॉलॉजिस्टकडे (स्लाइड पाहून निदान करणाऱ्या डॉक्टरकडे) स्लाइड पाहण्याचं काम आलं. कोणता रुग्ण जगला आणि कोणता गेला हे माहीत नसताना, केवळ प्रोस्टेटमधल्या सूक्ष्म ग्रंथींची रचना पाहून त्याने नमुन्यांचे पाच गट (१ सर्वांत सौम्य, ५ सर्वांत वाईट) पाडले आणि त्यांचं हाताने एक चित्र काढलं. पेशीचं केंद्रक किती विद्रूप झालंय याकडे त्याने मुद्दाम दुर्लक्ष केलं. ही पद्धत कमी मोठेपणाच्या भिंगाखाली चालते आणि ग्रंथी एकमेकींशेजारी कशा मांडल्या आहेत एवढंच विचारते. नंतर संख्याशास्त्रज्ञांनी हे गट मृत्यूंच्या नोंदींशी ताडून पाहिले. पहिल्या २७० रुग्णांवरचा निष्कर्ष १९६६ मध्ये आला, पुढे ही संख्या सुमारे २,९०० पर्यंत गेली.

बेरीज का करायची, याचं उत्तरही याच ताडण्यातून मिळालं. ज्या रुग्णांच्या स्लाइडवर दोन वेगळे नमुने होते, त्यांचा मृत्युदर त्या दोन ग्रेडच्या मधोमध पडत होता. म्हणून सर्वाधिक दिसणारा नमुना आणि त्याखालोखाल दिसणारा नमुना, दोन्ही धरायचे ठरले. सरासरी काढली तर अपूर्णांक येतात, म्हणून बेरीज. २ पासून १० पर्यंतची ही मोजपट्टी अशी जन्मली. ज्याच्या नावाने आज सगळं जग रिपोर्ट लिहितं त्या ग्लीसनने स्वतःचीही परीक्षा घेतली होती. आपलीच स्लाइड पुन्हा पाहिल्यावर तोच स्कोअर साधारण निम्म्या वेळा येतो आणि एका अंकाच्या फरकाची मुभा दिली तर सुमारे ८५ टक्के वेळा जुळतो, असं त्याने लिहून ठेवलं. पुढच्या सगळ्या वादांत ही नोंद सर्वांत कमी आठवली जाते, याचं मला वाईट वाटतं. रुग्णाला दोन रिपोर्टमधला फरक समजावताना याहून उपयोगी वाक्य सापडणार नाही.

अडचण कुठे येते ते स्लाइडवर पाहिलं तर लगेच कळतं. नमुना ३ म्हणजे प्रत्येक ग्रंथी सुटी, तिची पोकळी स्वतंत्र. नमुना ४ म्हणजे ग्रंथी एकमेकींत मिसळलेल्या, अर्धवट घडलेल्या किंवा चाळणीसारख्या भोकाभोकांच्या. नमुना ५ मध्ये ग्रंथी उरतच नाही; पेशींचे थर किंवा सुट्या पेशी दिसतात. सुईने काढलेला तुकडा दोऱ्याएवढा बारीक असतो आणि त्याचा काप चार-पाच मायक्रॉनचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आता एखादी चांगली घडलेली ग्रंथी नेमकी कडेने कापली गेली, तर तिची पोकळी कापात येत नाही आणि ती अर्धवट घडलेली वाटते. ही कडेने कापलेली ३ आहे की खरोखरची ४? पॅथॉलॉजिस्ट ब्लॉकमधून आणखी खोलवरचे काप मागवतो. तेवढ्यात तुकड्यातला तो भाग संपून गेला तर हाती जे आहे त्यावरच निर्णय द्यावा लागतो. चार-पाच अशा ग्रंथी एका कोपऱ्यात असतील तर कुणी त्यांना ४ म्हणतो, कुणी सोडून देतो. दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक असतात.

किती जुळतं हे मोजायला नुसती टक्केवारी पुरत नाही. समजा, दोन पॅथॉलॉजिस्ट डोळे मिटून शंभरातल्या ८० स्लाइडना 'साधी' आणि २० ना 'वाईट' म्हणत आहेत, तरी ६८ वेळा त्यांचं मत केवळ योगायोगाने जुळेल. प्रत्यक्षात ८४ वेळा जुळलं, तर योगायोग वजा जाता उरलेल्या वाटेतलं निम्मं अंतर त्यांनी कापलं, म्हणजे ०.५. हाच कप्पा गुणांक. तो १९६० पासून वापरात आहे. २००१ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात सर्वसाधारण काम करणाऱ्या ४१ पॅथॉलॉजिस्टना प्रोस्टेटच्या त्याच त्या बायोप्सी दाखवल्या, तेव्हा ग्लीसन स्कोअरच्या गटांबाबत कप्पा ०.४४ च्या आसपास आला. प्रोस्टेटचंच काम करणाऱ्या तज्ज्ञांमध्ये तो ०.५६ ते ०.७० होता. नेहमीच्या पाहण्याने आणि सरावाने जुळणी वाढते, पण तज्ज्ञांचाही आकडा १ च्या जवळ जात नाही.

इतर अवयवांची स्थिती याहून फार वेगळी नाही. २०१५ मध्ये स्तनाच्या बायोप्सींवर ११५ अमेरिकी पॅथॉलॉजिस्टची मतं तपासली, तेव्हा पसरणारा कॅन्सर ९६ टक्के वेळा तज्ज्ञांच्या निदानाशी जुळला. कॅन्सर नाही पण पेशी विचित्र आहेत, या मधल्या गटात मात्र जुळणी ४८ टक्क्यांवर आली. त्वचेवरचे तीळ आणि मेलॅनोमा (त्वचेचा एक घातक कॅन्सर) यांचं चित्र आणखी कठीण आहे. २०१७ च्या अभ्यासात १८७ पॅथॉलॉजिस्ट होते. अगदी साधा तीळ ९२ टक्के वेळा बरोबर ओळखला गेला, खोल गेलेला मेलॅनोमा ७२ टक्के वेळा, आणि मधल्या पायऱ्यांवर जुळणी २५ ते ४३ टक्के. त्यातल्या काहींना किमान आठ महिन्यांनी त्याच स्लाइड नकळत परत दिल्या, तर सौम्य विचित्रपणाच्या गटात स्वतःचं पहिलं मत स्वतःशीच जुळलं ते जेमतेम ३५ टक्के वेळा. दोन्ही टोकं स्पष्ट असतात, गोंधळ मध्ये असतो. ग्लीसनच्या मोजपट्टीवर तो मध्य म्हणजे ३ आणि ४ यांच्यामधली जागा, आणि दुर्दैवाने उपचार करायचा की थांबायचं हेही तिथेच ठरतं.

आता २००५ कडे येतो, कारण आजच्या रिपोर्टमधला निम्मा गुंता तिथला आहे. मूळ चित्र निघालं तेव्हा पीएसएची, म्हणजे प्रोस्टेटमधून रक्तात येणारं प्रथिन मोजणारी, रक्तचाचणी नव्हती. मधल्या काळात ती आली, सोनोग्राफीच्या मदतीने बारीक सुईने सहा-सहा तुकडे काढण्याची पद्धत आली आणि ग्रंथीच्या तळाचा पेशीथर रंगवून दाखवणाऱ्या चाचण्या आल्या. कॅन्सरमध्ये हा थर नाहीसा होतो. या चाचण्यांनी एक अवघड गोष्ट पुढे आणली: पूर्वी नमुना १ म्हणून नोंदलेल्या बऱ्याच गाठी कॅन्सर नव्हत्याच. नमुना ३ मधल्या काही चाळणीसारख्या ग्रंथीही बहुधा दुसऱ्याच प्रकारात मोडणाऱ्या होत्या. म्हणून मूत्रमार्गाच्या पॅथॉलॉजीतल्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००५ मध्ये टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत बैठक घेतली.

तिथे ठरलेल्या तीन गोष्टी महत्त्वाच्या. सुईच्या बायोप्सीवर २ ते ४ हा स्कोअर जवळजवळ द्यायचाच नाही. चाळणीसारख्या बहुतेक ग्रंथी ३ मधून काढून ४ मध्ये टाकायच्या, अर्धवट घडलेल्याही तिकडेच. आणि सुईच्या तुकड्यावर बेरीज करताना दुसरा आकडा सर्वांत वाईट नमुन्याचा घ्यायचा, मग तो थोडा का असेना. एकाच तुकड्यात ६० टक्के ३, ३० टक्के ४ आणि १० टक्के ५ असेल तर जुन्या हिशेबाने ३+४=७ होतं; नव्या हिशेबाने ३+५=८. रुग्ण तोच, काच तीच, रंग तोच.

वैद्यकशास्त्राच्या अंगाने हा निर्णय चुकीचा होता असं म्हणता येणार नाही. चाळणीसारखी रचना असलेले ट्यूमर पुढे जास्त पसरतात, हे नंतरच्या अभ्यासांनी दाखवून दिलं. पण मूळ पद्धतीची सारी प्रतिष्ठा एका गोष्टीवर उभी होती: तिचे ग्रेड वर्षानुवर्षांच्या मृत्यूंशी ताडलेले होते. २००५ चा बदल बऱ्याच अंशी अनुभवी लोकांच्या सहमतीने झाला. पाठपुराव्याचा पुरावा मागाहून जमा झाला. नाव मात्र तेच ठेवलं. १९९५ चा ६ आणि २००८ चा ६ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे रिपोर्टवर कुठेच लिहिलेलं नसे. रुग्ण आणि बरेचसे डॉक्टरही दोन्ही आकडे एकाच पट्टीवर वाचत राहिले. बदल करताना नवं नाव द्यायला किंवा किमान नावापुढे वर्ष जोडायला हवं होतं, असं माझं ठाम मत आहे.

त्याचा परिणाम काय होतो, हे अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात बैठकीच्या वर्षीच प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून दिसतं. १९९० ते १९९२ या काळात निदान झालेल्या १,८५८ पुरुषांच्या जुन्या स्लाइड एका अनुभवी पॅथॉलॉजिस्टने २००२ ते २००४ दरम्यान पुन्हा वाचल्या. मूळ स्कोअर त्याच्यापासून लपवले होते. सरासरी स्कोअर ५.९५ वरून ६.८ वर गेला. मग स्कोअरनुसार जुळवून मृत्युदर काढला, तर जुन्या वाचनाने तो दर १०० व्यक्ती-वर्षांमागे (म्हणजे १०० माणसं एक वर्ष पाहिली तर) २.०८ येत होता आणि नव्या वाचनाने १.५०. म्हणजे कागदावर २८ टक्के सुधारणा, आणि एकाही माणसाचं आयुष्य एका दिवसानेही बदललेलं नाही. होतं असं की ६ मधले सर्वांत धोक्याचे रुग्ण ७ मध्ये जातात, तिथे ते सर्वांत सौम्य ठरतात, आणि दोन्ही गटांची सरासरी सुधारते. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या टप्प्यांबाबत हाच भ्रम १९८५ मध्ये दाखवून दिला गेला होता. शिवाय हे पुनर्वाचन बैठकीच्या आधीचं. म्हणजे पॅथॉलॉजिस्टांचे डोळे अगोदरच सरकले होते, बैठकीने त्यावर शिक्का मारला. 'आमच्याकडे आता प्रोस्टेट कॅन्सरचे रुग्ण पूर्वीपेक्षा जास्त जगतात' असं एखादं रुग्णालय सांगतं, तेव्हा त्यातला किती भाग उपचारांचा आणि किती या सरकण्याचा, हे विचारायलाच हवं.

दुसरा तोटा रुग्णाच्या मनावर होता. २ ते ४ बाद झाले, ५ जवळपास दिसेनासा झाला, आणि १० पैकी ६ हा सर्वांत कमी स्कोअर उरला. ज्याला डॉक्टर सर्वांत सौम्य समजत होते, तो आकडा ऐकून माणूस आपण अर्ध्याहून पुढे गेलो असं समजून ऑपरेशनला तयार व्हायचा. शिवाय ३+४ आणि ४+३ दोन्ही ७, पण दुसरा बराच जास्त धोक्याचा. म्हणून शिकागोत २०१४ मध्ये पुन्हा बैठक झाली आणि १ ते ५ ग्रेड ग्रुप आले: ६ किंवा कमी म्हणजे १, ३+४ म्हणजे २, ४+३ म्हणजे ३, ८ म्हणजे ४, ९ आणि १० म्हणजे ५. चाळणीसारखी प्रत्येक ग्रंथी ४ मध्येच, हेही तिथेच पक्कं झालं. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाने हे गट स्वीकारले. भारतातल्या चांगल्या लॅबचे रिपोर्ट आता स्कोअर आणि ग्रुप दोन्ही देतात. काही जुन्या धाटणीचे रिपोर्ट अजून फक्त बेरीज लिहितात. ७ समोर फोड दिलेली नसेल तर ती मागून घ्यावी.

एवढ्याने प्रश्न मिटला नाही. २०१९ मध्ये या विषयातल्या दोन तज्ज्ञ गटांनी एका मुद्द्यावर उलट सल्ले दिले. कॅन्सरच्या पेशी जुन्या नलिकांच्या आतच भरलेल्या दिसल्या आणि शेजारी पसरणारा कॅन्सरही असला, तर नलिकेतला भाग ग्रेडच्या हिशेबात धरायचा, असं एक गट म्हणतो. दुसरा म्हणतो, तो वेगळा नोंदवा पण ग्रेडमध्ये मिसळू नका. त्यामुळे दोन निष्णात पॅथॉलॉजिस्टना स्लाइडवर तंतोतंत तेच दिसलं, तरी कोण कुणाचा सल्ला पाळतो त्यावरून ग्रेड बदलू शकतो. रिव्ह्यूला जाणाऱ्याने म्हणूनच ग्रेडच्या आकड्यापलीकडे वर्णन वाचावं: नमुना ४ किती टक्के, चाळणीसारख्या ग्रंथी आहेत का, नलिकेतला कॅन्सर नोंदवलाय का.

संगणकाकडून स्लाइड वाचून घेण्याचे प्रयोग २०१९ नंतर वेगाने वाढले. प्रोस्टेटच्या बायोप्सी तपासायला मदत करणाऱ्या एका प्रणालीला अमेरिकेत २०२१ मध्ये परवानगीही मिळाली. थकवा आणि नजरचूक यांवर तिचा उपयोग नक्की होईल. पण ग्रेडच्या बाबतीत संगणकाला 'बरोबर उत्तर' म्हणून जे शिकवलं जातं ते तज्ज्ञांच्या सहमतीचंच असतं. ३ आणि ४ मधली रेघ तो तंतोतंत पाळेल, ती योग्य ठिकाणी आहे का हे त्याला ठरवता येत नाही.

आपल्याकडे प्रोस्टेटची सरसकट तपासणी नाही आणि कित्येक रुग्ण हाडांत पसरल्यावरच येतात. त्यांच्यासाठी ६ की ७ हा वाद गैरलागू आहे. शहरांतल्या वार्षिक हेल्थ चेकअपमध्ये पीएसए शिरल्यापासून मात्र साठीतल्या निरोगी माणसांच्या हातात ३+३ चे रिपोर्ट पडू लागले आहेत. ग्रेड ग्रुप १ ला कॅन्सर म्हणणंच थांबवावं, अशी मागणी २०२२ पासून काही तज्ज्ञ पुन्हा जोराने करत आहेत, कारण निव्वळ नमुना ३ असलेला ट्यूमर शरीरात पसरल्याची उदाहरणं जवळजवळ सापडत नाहीत. विरोध करणारे म्हणतात की सुई प्रोस्टेटच्या फार थोड्या भागात पोचते; बायोप्सीवर ६ असलेल्या काही जणांचं पूर्ण प्रोस्टेट काढून तपासलं की आत नमुना ४ सापडतो, आणि नाव काढून टाकलं तर माणूस पुन्हा तपासणीला येणारच नाही. नियमित पीएसए, एमआरआय आणि ठरावीक काळाने बायोप्सी करत थांबणं हा मार्ग तूर्त दोन्ही बाजूंना मान्य आहे, आणि त्या मार्गावर पाऊल टाकण्याआधी स्लाइड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवून घ्यावी, याबद्दलही दोघांचं दुमत नाही.