'पास', पण कुठल्या बिल्डवर? टेस्ट केस आणि टेस्ट रनमधला फरक

नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. युरोपला माल धाडायचा तर अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट पोर्टलवर प्लॉटची नोंद लागते आणि त्या प्लॉटच्या नमुन्याचा रेसिड्यू रिपोर्ट लागतो. कोणती औषधं तपासायची, अवशेषांची मर्यादा किती, ही यादी सगळ्यांना एकच. रिपोर्ट मात्र ज्याच्या त्याच्या प्लॉटचा, त्या हंगामात काढलेल्या नमुन्याचा. शेजारच्या बागेचा किंवा गेल्या वर्षीचा रिपोर्ट दाखवून कंटेनर निघत नाही.

सॉफ्टवेअर तपासताना टेस्ट केस, म्हणजे काय तपासायचं आणि काय यायला हवं हे लिहिलेलं, ही ती यादी. टेस्ट रन, म्हणजे त्या केसेस एका ठरावीक बिल्डवर (सॉफ्टवेअरच्या तयार आवृत्तीवर) प्रत्यक्ष चालवून नोंदवलेले निकाल, हा तो रिपोर्ट. बागायतदार ज्यात चुकत नाही, त्यात आम्ही टेस्टिंगवाले वर्षानुवर्षं चुकत आलो.

अंबडला आमचं छोटं ऑफिस होतं, तिथे कांदा लिलावाच्या हिशोबपट्टीचं सॉफ्टवेअर बनायचं. त्यातली एक साधी केस अशी: वजन 22 क्विंटल 40 किलो, भाव क्विंटलला 1,850 रुपये, पट्टीवर हमाली-तोलाई वजा होण्याआधीची रक्कम 41,440 यायला हवी. केसमध्ये पूर्वअट असते, पायऱ्या असतात, अपेक्षित निकाल असतो. तारीख, बिल्ड नंबर, तपासणाऱ्याचं नाव यातलं काहीही केसमध्ये बसत नाही. लिहिताना त्यातलं काही आलंच, तर ते वाक्य रनचं आहे असं समजावं. मी नव्या पोरांना एवढी एकच खूण सांगतो.

आमच्या एक्सेलमध्ये मात्र केसच्या शेजारीच 'रिझल्ट' नावाचा कॉलम होता. त्यात 'पास' लिहायचं, पुढच्या रिलीजला त्याच्यावरच पुन्हा 'पास' लिहायचं. एकदा ऐन आवकेच्या दिवसांत बाजारातून फोन आला. वजन 22 क्विंटल 45 किलो, स्क्रीनवर 41,533 आणि छापील पट्टीवर 41,532. हिशोब होता 41,532 रुपये 50 पैसे. स्क्रीनने वर पूर्णांक केला, प्रिंटने पैसे कापून टाकले. भांडण एका रुपयाचं, पण शेतकऱ्याच्या हातात पट्टी असते, स्क्रीन नसतो! आम्ही शीट उघडलं. पट्टी छपाईपुढे 'पास'. कुठल्या बिल्डवर? कुणी तपासलं? प्रिंट काढून की नुसता प्रिव्ह्यू बघून? शीट गप्प.

त्यावर काढलेला उपाय त्याहून वाईट होता. प्रत्येक रिलीजला अख्ख्या शीटची कॉपी. 'फायनल', मग 'फायनल 2'. 140 केसेस आणि पाच रिलीज म्हणजे 700 ओळी. हमालीचा नियम बदलला तेव्हा एका कॉपीत दुरुस्ती झाली, बाकीच्या तशाच राहिल्या आणि सहाव्या रिलीजला कुणीतरी नेमकी जुनी कॉपी उचलली.

टेस्ट मॅनेजमेंट टूलची खरी कमाई मला इथेच दिसते. आलेख आणि रंगीत चकत्या साहेबांसाठी. टेस्टरेल नावाच्या अशा टूलमध्ये केसेस एका जागी राहतात. रन काढताना त्यातल्या हव्या तेवढ्या निवडायच्या. केस एकदाच लिहायची, निकाल प्रत्येक रनमध्ये नवा. रन उघडलं की सगळं 'अनटेस्टेड' असतं, गेल्या महिन्याचं 'पास' आपोआप पुढे येत नाही. सुरुवातीला याचा सगळ्यांनाच राग येतो.

रन म्हणजे दरवेळी 140 केसेस नव्हेत. फक्त छपाईचा कोड बदलला असेल तर पट्टीशी संबंधित केसेस आणि लॉगिन-लिलावासारख्या मुख्य वाटा घ्याव्यात. मोठ्या रिलीजला सगळ्या.

एक बारकावा बऱ्याच जणांना माहीत नसतो. टेस्टरेलमध्ये रन उघडं असताना केस बदलली तर तो बदल रनमध्येही दिसतो. रन बंद केलं की ते गोठतं आणि नंतरच्या दुरुस्त्या त्याला लागत नाहीत. म्हणून काम संपलं की रन बंद करावं. औषधाची मर्यादा यंदा बदलली तरी गेल्या वर्षीचा रिपोर्ट गेल्या वर्षीच्या मर्यादेवरच वाचायचा असतो. टेस्टलिंक हे फुकट आणि ओपन सोर्स टूल हेच काम वेगळ्या वाटेने करतं: केसच्या आवृत्त्या ठेवतं आणि टेस्ट प्लॅनला त्यातली ठरावीक आवृत्ती जोडतं.

नावांचा घोळ मात्र आहेच. टेस्टलिंकमध्ये टेस्ट प्लॅनमध्ये बिल्ड तयार करून त्याच्यावर निकाल नोंदवतात. टेस्टरेलमध्ये टेस्ट प्लॅन म्हणजे अनेक रन्सची मोट. आणि साहेब ज्याला टेस्ट प्लॅन म्हणतात ते बहुधा वर्ड फाइलमधलं तिसरंच काहीतरी असतं. एका टूलवरून दुसऱ्यावर जाताना नावं पाहू नका, निकाल कशाला चिकटतो ते पाहा.

'फेल' आणि 'ब्लॉक्ड' यांचीही अशीच गल्लत होते, पण तिथे थोडक्यात भागतं: पट्टी चुकीची छापली तर फेल, प्रिंटरच ऑफिसात नसेल तर ब्लॉक्ड.

प्रिंटरवरून आठवलं. आमच्याकडे काही आडत्यांच्या गाळ्यावर डॉट मॅट्रिक्स होते, काहींकडे थर्मल. आधी आम्ही त्यासाठी दोन केसेस लिहिल्या होत्या, शब्द न् शब्द सारख्या. आता केस एकच आहे. टेस्टरेलच्या प्लॅनमध्ये दोन प्रिंटरची दोन कॉन्फिगरेशन्स जोडली की तिचे दोन रन्स पडतात, आणि मागच्या बिल्डला डॉट मॅट्रिक्सपुढे 'पास' होतं, थर्मलपुढे 'फेल'.