जिवंत प्रोटिस्टांचे सूक्ष्मदर्शीखालील निरीक्षण

डबक्यातल्या किंवा मुद्दाम तयार केलेल्या पाण्याचा थेंब काचपट्टीवर घेऊन त्यातील अमिबा, पॅरामेशियम, युग्लिना, व्हॉर्टिसेला यांसारखे सजीव हलते-फिरते असतानाच संयुक्त सूक्ष्मदर्शीतून पाहण्याचे जीवशास्त्राच्या वर्गातील प्रात्यक्षिक. प्रोटिस्टा ही सृष्टी जर्मन शास्त्रज्ञ एर्न्स्ट हेकेल यांनी 1866 मध्ये मांडली. आज हे सगळे सजीव एकाच वंशाचे मानले जात नाहीत. तरी प्राणी, वनस्पती आणि कवके यांत न बसणाऱ्या दृश्यकेंद्रकी, म्हणजे पेशीत स्पष्ट केंद्रक असलेल्या, सजीवांसाठी वर्गात हाच शब्द चालतो. त्यांतल्या प्राण्यांसारख्या गटाला मराठीत आदिजीव म्हणतात.

पुष्कळदा हे प्रात्यक्षिक कायम स्लाइडवर, म्हणजे आधीच रंगवून पक्क्या बसवलेल्या नमुन्यावर, उरकले जाते. गुलाबी रंगवलेला, चपलेच्या तळव्याच्या आकाराचा पॅरामेशियम स्पॉटिंगच्या, म्हणजे नमुने ओळखण्याच्या, परीक्षेत सोयीचा असतो हे खरे. पण तो मेलेला असतो, आणि या सजीवांविषयी शिकण्यासारखे बरेचसे त्यांच्या हालचालीतच असते. अमिबाला ठरावीक आकार नसतो, हे वाक्य पाठ करणाऱ्याला प्रत्येक पुस्तकात अमिबाची तीच एक आकृती दिसते.

नमुना मिळवण्याची जुनी रीत म्हणजे गवताचा काढा. एक लिटर पाण्यात मूठभर वाळलेले गवत किंवा भाताचा पेंढा दहा-पंधरा मिनिटे उकळायचा, गार करून एक-दोन दिवस उघडा ठेवायचा आणि मग त्यात तळ्याचे थोडे पाणी शेवाळ-पाचोळ्यासकट घालायचे. उकळूनही गवतावरच्या काही जिवाणूंचे बीजाणू, म्हणजे त्यांची टिकाऊ सुप्त रूपे, जिवंत राहतात. बॅसिलस सबटिलिस या जिवाणूच्या बाबतीत जर्मन जीवशास्त्रज्ञ फर्डिनांड कोन यांनी हे 1876 मध्ये दाखवून दिले. हे जिवाणू वाढून पाणी गढूळ होते, वर साय धरते आणि आदिजीवांच्या जेवणाची सोय होते. तळ्याचे पाणी घालण्याची पायरी मात्र अनेक जण गाळतात आणि मग ‘पॅरामेशियम आलाच नाही’ म्हणून हळहळतात. कोल्पोडासारखे काही आदिजीव कवच धारण करून सुक्या गवतावर तग धरतात. पॅरामेशियमचे असे टिकाऊ कवच माहीत नाही. सुक्या गवतातून तो येणार कुठून? नळाचे पाणी वापरायचे असेल तर क्लोरीन उडून जाण्यासाठी ते दिवसभर भांड्यात उघडे ठेवावे.

बरणी खिडकीशी, पण थेट उन्हात नाही, अशी ठेवली की तिच्यात वस्ती बदलत जाते. अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ एल. एल. वुडरफ यांनी 1912 मध्ये अशा काढ्यांतला क्रम नोंदवला: आधी बारीक कशाभिकाधारी (चाबकासारख्या शेपटीने पोहणारे), मग कोल्पोडा, मग तळाशी चालल्यासारखे फिरणारे पक्ष्माभिकाधारी (अंगावर हलते बारीक केस असलेले), त्यानंतर पॅरामेशियम, व्हॉर्टिसेला आणि सर्वांत शेवटी अमिबा. तिसऱ्याच दिवशी अमिबा शोधणाऱ्या वर्गाची निराशा होते ती यामुळे. थेंब कुठून घेतला यालाही महत्त्व आहे. पॅरामेशियम सायीच्या लगेच खाली, बरणीच्या कडेशी गोळा होतो. अमिबा तळच्या गाळात किंवा कुजत्या पानाच्या खालच्या बाजूला मिळतो.

थेंबावर कव्हरस्लिप तिरकी टेकवून हळूच सोडली तर बुडबुडे कमी अडकतात. तरीही नवख्याला पहिला ‘सूक्ष्मजीव’ सापडतो तो बहुधा बुडबुडाच: ठळक काळ्या कडेचे, अगदी वाटोळे, निश्चल वर्तुळ. दुसरी चूक उजेडाची. हे सजीव बहुतेक पारदर्शक असतात आणि भरपूर प्रकाशात विरघळल्यासारखे दिसेनासे होतात. मंचाखालचा पडदा जवळजवळ मिटून उजेड कमी केला की कडा उठून दिसतात, पक्ष्माभिकांची थरथर जाणवते. आरशाचा सूक्ष्मदर्शी असेल तर तो खिडकीच्या उजेडाकडे वळवावा, सूर्याकडे कधीही नाही. डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. सुरुवात सर्वांत कमी वर्धनाच्या वस्तुभिंगाने, म्हणजे काचपट्टीकडच्या भिंगाने, करावी. प्रतिमा उलटी असल्याने सजीव डावीकडे निसटताना दिसला तर काचपट्टीही डावीकडेच सरकवावी लागते; हात या उलट्या हिशेबाला सरावायला एक तास सहज जातो.

पॅरामेशियम सापडतो लवकर, टिकत नाही. त्याची लांबी साधारण 0.2 ते 0.3 मिलिमीटर आणि वेग सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर. 10 पटीच्या नेत्रिकेबरोबर (डोळ्याकडच्या भिंगाबरोबर) 40 पटीचे वस्तुभिंग लावले की शाळेतल्या सूक्ष्मदर्शीत दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास अर्ध्या मिलिमीटरच्या आत येतो, म्हणजे तो अर्ध्या सेकंदात पसार. उपाय सोपा आहे. कापसाचे चार तंतू विंचरून थेंबात पसरले की त्यांच्या जाळ्यात तो अडकतो. मिथाइल सेल्युलोजचे दाट द्रावण थेंबात मिसळले तरी तो मंदावतो. मात्र कापूस फुकट मिळतो आणि त्यात आणखी एक गंमत दिसते. तंतूला आपटला की पॅरामेशियम थोडा मागे सरकतो, तोंड जरा वळवतो आणि पुन्हा पुढे निघतो. वाट मिळेपर्यंत हेच चालते. एखादा तंतूंच्या फटीत घुसतो, कमरेत वाकतो, दबतो, आणि पलीकडे निघाल्यावर पुन्हा जसाच्या तसा होतो.

असा अडकलेला पॅरामेशियम मिळाला की तो सोडू नये. त्याच्या दोन्ही टोकांकडे एकेक आकुंचक रिक्तिका, म्हणजे फुगणारी-मिटणारी पाण्याची पिशवी, असते. आधी ताऱ्यासारख्या बारीक नलिका उमटतात, त्यांतले पाणी मधल्या गोल थेंबात जमते, थेंब फुगतो आणि एकदम नाहीसा होतो. काही सेकंदांनी त्याच जागी पुन्हा तारा. पेशीत सतत शिरणारे पाणी अशा रीतीने बाहेर टाकले जाते. मोबाइलवर वेळ लावून दोन आकुंचनांमधले अंतर मोजता येते. दुसऱ्या काचपट्टीवर मिठाचे अगदी फिके पाणी घालून तेच मोजले तर अंतर वाढलेले आढळते, कारण आत शिरणारे पाणीच कमी होते. परासरण, म्हणजे पेशीच्या पटलातून पाण्याची ये-जा, समजवायला फुगलेल्या मनुक्यांपेक्षा हा प्रयोग कितीतरी सरस.

पचन पाहण्यासाठी काँगो रेड या रंगात उकळलेले यीस्ट थेंबात सोडतात. मुखखाचेतून आत गेलेले लाल कण अन्नरिक्तिकांत भरतात आणि रिक्तिका आम्लधर्मी होताच निळसर पडतात. हा रंग अपायकारक असल्याने तो शिक्षकांनीच हाताळावा.

अमिबाला घाई चालत नाही. ड्रॉपरमधून आपटून आलेला अमिबा आक्रसून गोळा होतो आणि कचऱ्याच्या कणापासून ओळखू येत नाही. काचपट्टी पाच-दहा मिनिटे न हलवता ठेवली की एका बाजूने स्वच्छ काचेसारखा फुगवटा येतो, मागोमाग कणीदार पेशीद्रव त्यात धावत शिरतो आणि छद्मपाद, म्हणजे तात्पुरता पाय, तयार होतो. युग्लिना हिरवा, चपळ, लाल नेत्रबिंदूचा. पोहणे थांबवले की अळीसारखा आखडतो-पसरतो. युग्लिनाचे पाणी बशीत घेऊन तिच्या अर्ध्या भागावर काळा कागद झाकला तर काही वेळाने हिरवी झाक उजेडाच्या बाजूला जमते. व्हॉर्टिसेला देठावर उभा असतो. मेजाला हलका धक्का लागताच देठ स्प्रिंगसारखा गुंडाळला जातो. वर्गात सर्वांत मोठा कल्ला याच वेळी होतो.

थेंबात चक्रधर म्हणजे रोटिफर हमखास निघतात. आकाराने आदिजीवांएवढे आणि डोक्यावर पक्ष्माभिकांचे चक्र असल्याने ते प्रोटिस्ट म्हणून जर्नलमध्ये जातात. प्रत्यक्षात ते बहुपेशीय प्राणी आहेत आणि आत चाललेला जबडा नीट पाहिल्यास कळतो.

या प्रात्यक्षिकाचा पहिला विद्यार्थी नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट गावचा कापड व्यापारी अंतोनी व्हान लेव्हेनहूक. 1674 मध्ये जवळच्या तळ्याच्या पाण्यातले आणि पुढे मिरी भिजवलेल्या पाण्यातले इवले प्राणी त्याने स्वतः घासलेल्या एकाच भिंगातून पाहिले. लंडनच्या रॉयल सोसायटीला 1676 मध्ये पाठवलेल्या त्याच्या पत्रावर कोणाचा चटकन विश्वास बसेना. 1677 मध्ये सोसायटीतील इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हुक यांनी तसेच पाणी तयार करून सदस्यांना ते दाखवले. गंमत अशी की एकाच भिंगाची ती युक्ती शाळांत पुन्हा आली आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील मनू प्रकाश आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये मांडलेला कागदी फोल्डस्कोप सुमारे 140 पट मोठे दाखवतो; तळ्याकाठी उभे राहून पॅरामेशियम पाहायला तो पुरतो.

साचलेल्या पाण्यात नेग्लेरिया, अ‍ॅकॅन्थअमिबा यांसारखे रोगकारक अमिबाही असू शकतात. पाणी नाका-डोळ्यांत जाऊ देऊ नये, तोंडाने पिपेट ओढू नये, हाताला जखम असल्यास हातमोजे घालावेत आणि शेवटी साबणाने हात धुवावेत.

दिव्याच्या उष्णतेने थेंब अर्ध्या तासात सुकू लागतो. कव्हरस्लिपच्या कडेला अधूनमधून थेंबभर पाणी सोडले नाही तर सजीव चपटे होतात, रिक्तिका अवाजवी फुगतात आणि पेशी फुटते. जर्नलमधली आकृती त्याआधी काढावी, पुस्तक मिटून. तिच्याखाली वर्धन, नमुना घेतल्याची जागा, काढ्याचा दिवस आणि पाहिल्याची वेळ लिहावी. अमिबाची तर पाच-पाच मिनिटांनी तीन चित्रे काढावीत. तिन्ही वेगवेगळी येतात.