दुप्पट घातलं म्हणून दुप्पट वेग?

अभिकारकाची (अभिक्रियेत भाग घेणाऱ्या पदार्थाची) संहती, म्हणजे ठरावीक जागेतलं प्रमाण, वाढवली की अभिक्रियेचा दर वाढतो, हे आपण शाळेत शिकतो. तेवढ्याच जागेत रेणू जास्त, म्हणून त्यांच्या टकराही जास्त. ‘विरल केल्यानं औषधाची शक्ती वाढते’ हा होमिओपॅथीचा दावा मला म्हणूनच मुळीच पटत नाही. १०० पट विरलन लागोपाठ ३० वेळा केलं, तर मूळ द्रावण १ वर ६० शून्यं इतक्या पटीनं पातळ होतं. एका मोलमध्ये (पदार्थ मोजायचं रसायनशास्त्रातलं एकक) रेणू असतात साधारण ६ वर २३ शून्यं. म्हणजे टक्कर द्यायला तिथे रेणूच उरत नाही.

पण ‘दुप्पट घातलं की दुप्पट वेग’ हा हिशेबही सरसकट खरा नाही. नायट्रिक ऑक्साइड आणि ऑक्सिजनच्या अभिक्रियेत नायट्रिक ऑक्साइड दुप्पट केलं की दर चौपट होतो. आणि माझी सगळ्यात आवडती अभिक्रिया तर त्याहून नवलाची आहे.

भरपूर ॲसिटोन घ्या, त्यात थोडं आम्ल आणि अगदी थोडं आयोडिन घाला. द्रावण पिवळसर तपकिरी दिसतं आणि रंग हळूहळू उतरू लागतो. एरवी अभिकारक संपत आला की अभिक्रिया रेंगाळते. इथे मात्र रंग शेवटपर्यंत जवळजवळ एकाच चालीनं उतरतो आणि संपतो. आयोडिन दुप्पट घेतलं तर? दर तोच राहतो, रंग जायला वेळ मात्र दुप्पट लागतो.

याचं कारण असं. ॲसिटोनचा रेणू आयोडिनशी थेट जुळत नाही. आधी आम्लाच्या मदतीनं त्याच्या कार्बनवरचा एक हायड्रोजन सुटतो, ऑक्सिजनवर एक बसतो आणि ‘ईनॉल’ हे रूप तयार होतं. ही पायरी संथ आहे. ईनॉल तयार झालं रे झालं की आयोडिन त्याला पकडतं. पकडणारे कितीही वाढवा, ईनॉल आपल्याच गतीनं तयार होणार. म्हणून दर ॲसिटोन आणि आम्ल यांच्या संहतींच्या गुणाकारावर ठरतो, आणि आयोडिनच्या बाबतीत अभिक्रिया शून्य कोटीची असते, म्हणजे त्याच्या संहतीवर दर अवलंबून नसतो. संतुलित समीकरणात आयोडिन ठळक दिसतं, दराच्या सूत्रात त्याचा पत्ताच नाही!

आर्थर लॅपवर्थ यांनी १९०४ मध्ये या अभिक्रियेचा असा उलगडा केला. आयोडिनऐवजी ब्रोमिन घातलं तरी दर जवळपास तोच राहतो.