आठ हजार वर्षांपूर्वीचं शेणखत

प्रागैतिहासिक वस्तीचं उत्खनन म्हटलं की खापरं, दगडी हत्यारं, चुली, हाडं डोळ्यांपुढे येतात. त्यांच्या भोवतीची माती मात्र कित्येक वर्षं घमेल्यांत भरून ढिगाऱ्यावर फेकली गेली. पुरातत्त्वाचं याहून मोठं नुकसान क्वचितच झालं असेल. घरात काय शिजत होतं हे खापरावरून कळतं. पण माणसं शेतात काय करत होती, जमीन कशी राखत होती, हे त्या मातीतच शोधावं लागतं.

हे लक्षात आलं ते बीटाच्या शेतीमुळे. १९२० आणि १९३० च्या दशकांत ओलोफ अऱ्हेनियस हा मृदाशास्त्रज्ञ दक्षिण स्वीडनमध्ये साखरेच्या बीटासाठी जमिनी तपासत होता. काही जागी फॉस्फेट, म्हणजे फॉस्फरसचं संयुग, आजूबाजूच्या रानापेक्षा खूपच जास्त निघालं, आणि त्या जागा प्राचीन वस्त्यांशी जुळत होत्या. कारण सरळ आहे. माणसं राहतात तिथे हाडं, राख, मलमूत्र, शेण, खरकटं जमिनीत जातं आणि या सगळ्यात फॉस्फरस असतो. नायट्रोजन पाण्याबरोबर वाहून जातो किंवा हवेत उडून जातो. फॉस्फरस मात्र लोह, ॲल्युमिनियम, कॅल्शियम यांना धरून जागीच राहतो. घरांचा मागमूस उरला नाही तरी फॉस्फेट हजारो वर्षं तिथेच सापडतं.

पण फॉस्फेट नेमकं कशातून आलं? ते उकिरड्यातून आलं असेल, गोठ्यातून किंवा दफनातूनही. इथे विष्ठेतले स्निग्ध रेणू कामी येतात. माणसाच्या आतड्यातले जीवाणू कोलेस्टेरॉलपासून कोप्रोस्टॅनॉल नावाचा स्निग्ध रेणू तयार करतात. गाई-मेंढ्यांच्या पोटात वनस्पतींमधल्या स्टेरॉलपासून (कोलेस्टेरॉलसारख्याच रेणूंपासून) त्याच जातीचे पण वेगळे स्टॅनॉल बनतात. त्यांचं एकमेकांशी प्रमाण पाहिलं, जोडीला पित्ताम्लं (पित्तातली आम्लं) तपासली, की ती विष्ठा माणसाची, गुरांची की डुकरांची, याचा बराच अंदाज येतो.

मला सर्वांत विलक्षण वाटते ती मातीची पातळ चकती. खणलेल्या चराच्या भिंतीतून धातूच्या चौकटीने मातीचा ठोकळा जसाच्या तसा कापून काढतात. तो वाळवून त्यात राळ मुरवतात. राळ दगडासारखी कडक झाली की ठोकळा कापून त्याची ०.०३ मिलिमीटर जाडीची चकती घासून काढतात. ध्रुवित प्रकाशाच्या (एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या प्रकाशाच्या) सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यात कोळशाचे कण, राखेतला चुना, गवताच्या पेशींत घडलेले सिलिकाचे कण दिसतात. कधी काळ्या पार्श्वभूमीवर इवलेसे उजळ गोळे दिसतात आणि प्रत्येक गोळ्यावर काळी फुली असते. ते चरणाऱ्या जनावरांच्या आतड्यात तयार झालेले कॅल्साइटचे, म्हणजे चुन्याच्या खनिजाचे, गोळे. अशा गोळ्यांचे थरच्या थर मिळाले, तर तिथे जनावरं बांधली जात होती असं म्हणायला आधार मिळतो. आम्लधर्मी मातीत मात्र ते विरघळून जातात, त्यामुळे ते दिसले नाहीत म्हणजे जनावरं नव्हतीच, असं म्हणता येत नाही.

नांगरटीच्या खुणा कधीकधी नुसत्या डोळ्यांनीही दिसतात. इंग्लंडमध्ये एव्हबरीजवळच्या साउथ स्ट्रीट इथे नवाश्मयुगीन टेकाडाखाली नांगराच्या आडव्या-उभ्या तासांचं जाळं झाकलेलं राहिलं होतं. राजस्थानातल्या कालीबंगनला हडप्पापूर्व काळातलं, दोन्ही दिशांनी नांगरलेलं शेत सापडलं.

खताचा पुरावा जळक्या दाण्यांतही असतो. शेणखतातला हलका नायट्रोजन अमोनिया होऊन आधी उडून जातो, मागे नायट्रोजन-१५ चं, म्हणजे नायट्रोजनच्या जड प्रकाराचं, प्रमाण वाढतं आणि ते पिकात उतरतं. चुलीत जळून कोळसा झालेला दाणा ते टिकवून ठेवतो. पुरातत्त्वज्ञ एमी बोगार्ड आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये युरोपातल्या १३ नवाश्मयुगीन स्थळांवरचे दाणे आणि कडधान्यं अशी तपासली. काळ होता इ. स. पू. सुमारे ५९०० ते २४००. तिथले शेतकरी खत घालत होते, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

याचा अर्थ साधा नाही. शेणखत सावकाश लागू पडतं. इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड संशोधन केंद्रात बार्लीच्या एका तुकड्याला १८५२ ते १८७१ पर्यंत शेणखत दिलं, पुढे कधीच नाही. तरी शतकभरानंतरही त्याचा परिणाम मोजता येत होता. गुरं राखायची, शेण वाहून न्यायचं आणि फळ मात्र वर्षानुवर्षं थोडंथोडं घ्यायचं, हे कष्ट जागा सोडून जाणारा माणूस का करेल? युरोपातले पहिले शेतकरी जंगल जाळून दोन-चार पिकं घेत आणि पुढे सरकत, हे जुनं चित्र त्यामुळे मला पटत नाही. ज्या जमिनीत मेहनत साठते, तिच्यावर हक्कही सांगितला जातो. वारसा आणि मालकी यांची सुरुवात शोधायची तर ती अशा शेतांत शोधायला हवी.

काळ ठरवणं मात्र किचकट आहे. मातीत जुनानवा सेंद्रिय अंश मिसळलेला असतो, म्हणून कार्बन-१४ वरून वय काढण्यासाठी एकेकटा जळका दाणा निवडणं बरं. वाळूच्या क्वार्ट्‌झ कणांवर शेवटचं ऊन कधी पडलं, हे प्रकाशीय पद्धतीने कळतं. पण नमुना अपारदर्शक नळीत घ्यावा लागतो आणि प्रयोगशाळेत मंद लाल दिव्यात उघडावा लागतो.

शिवाय पुरलेली माती गप्प पडून राहत नाही. गांडुळं, मुळं, पाणी तिला सतत बदलत असतात. हे मोजण्यासाठी १९६० मध्ये इंग्लंडच्या ओव्हर्टन डाउनवर एक बांध आणि चर मुद्दाम बांधला गेला. दर वेळी कालावधी दुप्पट करत १२८ वर्षांपर्यंत त्याचे छेद घ्यायचं ठरलं. त्या छेदांतली माती खऱ्या प्राचीन मातीशेजारी ठेवून पाहिली, की कोणता बदल शेतकऱ्याने केला आणि कोणता गांडुळांनी, हे सांगायला आधार मिळतो.